जुन्या पोर्तुगीज चर्चच्या वह्यांमधला ‘नातुराल’: अनौरस जन्मांच्या नोंदी कशा वाचायच्या?

मंजिरी_ब्रागा

नमस्कार मंडळी. मी गेली अकरा वर्षं उत्तर पोर्तुगालमध्ये, ब्रागाला राहते. नवरा इथलाच, गिमाराईंशजवळच्या एका गावचा. लेकीला शाळेतून वंशवृक्ष काढून आणायला सांगितलं आणि त्या निमित्ताने मी या वह्यांमध्ये शिरले, ती अजून बाहेर आलेली नाही.

माझ्या माहेरची वंशावळ आईने फोनवर अर्ध्या तासात सांगितली. सात पिढ्या, सगळे पुरुष. एकीचंही नाव नाही. इकडे नवऱ्याच्या घराण्यात नेमकं उलटं निघालं. मागे जावं तसा बाप गायब होतो आणि आई उरते. तीन नोंदींपाशी मी अडकले आहे. (नावं देत नाही, घरच्यांची तशी इच्छा आहे.)

पहिली १७९४ची. बाप्तिस्म्याच्या नोंदीत मुलगा ‘फिल्यु नातुराल’, आई ‘सोल्तैरा’ म्हणजे अविवाहित. आईच्या आईवडिलांची नावं आहेत, बापाकडचे आजीआजोबा ‘इंकॉग्नितुश’.

दुसरी १८२१ची. मुलगी, ‘इश्पोश्ता’. आईबापांचा उल्लेखच नाही.

तिसरी त्याहून जुनी, १७६३ची. मुलगा ‘इश्पुरियु’.

यंत्राने भाषांतर केलं तर ‘नैसर्गिक मुलगा’, ‘उघडी पडलेली’ आणि ‘बनावट’ असं आलं. सासूबाईंना दाखवलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या आणि म्हणाल्या, ‘फिल्यु दश एर्वश’. शब्दशः गवताचं पोर, म्हणजे ज्याच्या आईबापांचा पत्ता नाही असं. मग म्हणाल्या, वही मिटव. मला मिटवायची नाहीये, पण चुकीचा अर्थ लावून कुणावर अन्यायही करायचा नाहीये. जाणकारांनी मदत करावी.

कुळागर

मंजिरीताई, माझी नोकरी गोव्यात जुनी पोर्तुगीज कागदपत्रं वाचण्यात गेली, म्हणून लिहितो. सुरुवात ‘नातुराल’पासून करू, कारण सगळ्यात जास्त घात हा शब्द करतो.

त्याचे दोन अगदी वेगळे अर्थ आहेत. ‘फिल्यु’ला लागून आला तर लग्नाबाहेरचं मूल. पण ‘नातुराल द’ आणि पुढे गावाचं किंवा फिरगजीचं (एका चर्चच्या हद्दीतल्या वस्तीचं) नाव असेल, तर अर्थ एवढाच की माणूस मूळचा तिथला. ‘अमक्याचा फिल्यु लेजीतिमु, नातुराल द ब्रागा’ असं वाक्य असलं तर तो औरस आहे आणि ब्रागाचा आहे. गोव्याच्या कागदांत आणखी एक वापर दिसतो. ‘नातुरायश’ म्हणजे एतद्देशीय लोक, पोर्तुगालहून न आलेले. इथल्या पाद्र्यांनाही तसंच म्हणत. एका घरात पणजोबांबद्दल तीन पिढ्या कुजबुज चालली होती. मी नोंद पाहिली तर तिथे ‘नातुराल द’ आणि पुढे गावाचं नाव होतं. कुणीतरी कधीतरी अर्धी ओळ वाचली होती, बस.

तुमच्या १७९४च्या नोंदीत मात्र पहिलाच अर्थ आहे. आई सोल्तैरा, बापाकडचे आजीआजोबा इंकॉग्नितुश, त्यामुळे शंकेला जागा नाही.

आता संक्षेप बघा. ‘लेजीतिमु’ बहुतेक वेळा अर्धाच लिहितात. सुरुवातीची तीन अक्षरं आणि शेवटचं ओळीच्या वर बारीक. ‘नातुराल’ही ‘नात’वर तोडतात. शाई पसरली असेल तर ‘लेज’ आणि ‘नात’ यांत गोंधळ होतो. अशा वेळी त्याच पाद्रीच्या हातच्या आधीच्या दहा नोंदी वाचा. त्याचं वळण एकदा डोळ्यांत बसलं की अक्षर फसवत नाही. आणि शब्द ‘लेजीतिमु’ दिसतोय पण बापाचं नावच नाही, असं असेल तर पुन्हा वाचा.

अनुराधा_नाशिक

वाचनखूण साठवली. एक शंका. ‘इंकॉग्नितु’ म्हणजे बाप कोण ते खरंच कुणाला माहीत नसायचं का? पन्नास उंबऱ्यांच्या गावात हे पटत नाही.

कुळागर

तुमची शंका रास्त आहे. इंकॉग्नितु म्हणजे ‘वहीत लिहिलेला नाही’ असं समजा. गावाला माहीत नव्हता असं नाही.

यामागे नियम होता. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये विवाह आणि बाप्तिस्म्याच्या नोंदी ठेवण्याची सक्ती केली. मग १६१४ मध्ये पोप पाचवे पॉल यांनी जो रोमन विधिग्रंथ काढला, त्यात मूल लग्नातून झालेलं नसेल तर काय लिहायचं तेही सांगितलं. आईबापांपैकी ज्याच्याबद्दल खात्री आहे त्याचं नाव लिहा, पण बदनामीला निमित्त होईल असं काही लिहू नका. दोघांबद्दलही खात्री नसेल तर ‘ज्याचे आईबाप ज्ञात नाहीत असं बालक’ एवढंच लिहा. आईबद्दल खात्री असायचीच, सुईण होती, शेजार होता. बापाने स्वतः पुढे येऊन कबूल केलं नाही तर पाद्रीच्या लेखी तो इंकॉग्नितु. त्याच बापाशी पाद्री रविवारी बोलतही असेल.

दस्तऐवज

मी मडगावला वकिली करतो, वारसाहक्काच्या कामांत हे शब्द सारखे समोर येतात. नातुराल आणि इश्पुरियु यांत फरक काय, ते लिहितो. दोघांनाही आपण ‘अनौरस’ म्हणून मोकळे होतो, पण कायद्यात दोघांमध्ये भिंत होती.

१६०३ची फिलिपीन विधिसंहिता पोर्तुगालमध्ये अडीचशे वर्षांहून जास्त चालली. त्या काळच्या कायद्यात नातुराल म्हणजे ज्यांचे आईबाप लग्न करू शकले असते पण केलं नाही, अशांचं मूल. दोघंही अविवाहित किंवा विधुर-विधवा, नात्याचा अडसर नाही, कुणी दीक्षा घेतलेला नाही. इश्पुरियु म्हणजे ज्यांना लग्न करायला कायद्याने आणि धर्माने मनाईच होती, अशांचं. त्याचे तीन पोटभेद: दोघांपैकी कुणी दुसऱ्याशी विवाहित असेल तर ‘आदुल्तेरिनु’, जवळच्या नात्यातले असतील तर ‘इंसेश्तुओझु’, आणि पाद्री किंवा जोगीण असेल तर ‘साक्रीलेगु’.

फरक नुसता शब्दांचा नव्हता, घरात आणि शेतात जाणवायचा. त्या संहितेच्या चौथ्या ग्रंथातलं ९२वं प्रकरण सांगतं की सामान्य माणसाचा, म्हणजे ‘पियांव’चा नातुराल मुलगा औरस भावंडांच्या बरोबरीने वारस होतो. सरदार-उमरावाचा होत नाही. म्हणजे शेतकऱ्याघरचा नातुराल मुलगा वाड्यातल्या नातुराल मुलापेक्षा चांगल्या स्थितीत! इश्पुरियु मात्र बापाचा वारस होतच नसे. आणि नातुरालला सुटकेची एक वाट होती. आईबापांनी नंतर लग्न केलं की मूल आपोआप औरस. पोप तिसरे अलेक्झांडर यांच्यापासून, बाराव्या शतकापासून, चर्चचा हा नियम आहे, फक्त व्यभिचारातून झालेल्या मुलाला तो लागू नव्हता.

म्हणून ताई, १७६३च्या नोंदीत पाद्रीने ‘इश्पुरियु’ लिहिलं असेल तर त्याला काहीतरी ठाऊक होतं. बाप कोण ते त्याने लिहिलं नाही, पण तो कुठल्या गटातला ते सांगून टाकलं.

कुळागर

दस्तऐवज यांचं कायद्याचं विवेचन चोख आहे, पण शेवटच्या वाक्याला माझी हरकत आहे. गावचा पाद्री काही विधिज्ञ नव्हता. अठराव्या शतकात एकाच फिरगजीच्या वहीत एक पाद्री सगळ्यांना ‘नातुराल’ लिहितो आणि त्याच्या जागी आलेला दुसरा तशाच मुलांना ‘इश्पुरियु’ किंवा ‘इलेजीतिमु’ लिहितो, हे मी पाहिलं आहे. म्हणून आधी तो पाद्री हा शब्द किती वेळा वापरतो ते मोजावं. तो सगळ्याच अविवाहित आयांच्या मुलांना इश्पुरियु म्हणत असेल तर त्यातून बापाबद्दल काही कळत नाही. एरवी नातुराल लिहून याच एका मुलाला इश्पुरियु लिहिलं असेल, तर दस्तऐवज म्हणतात ते खरं.

मंजिरी_ब्रागा

मोजलं! पूर्ण शनिवार गेला. त्या पाद्रीच्या हातच्या नऊ वर्षांच्या नोंदी पाहिल्या. ‘नातुराल’ एकतीस, ‘इश्पुरियु’ दोन. आमचा त्या दोनांतला एक.

एका फिरगजीत नऊ वर्षांत तेहतीस मुलं अशी, हे पाहून मी हबकले. हे इतकं सर्रास होतं?

दस्तऐवज

मग माझ्या मते बाप विवाहित, नात्यातला किंवा पाद्री होता. याच्या पुढे पुराव्याशिवाय जाऊ नये.

लिस्बनचा_पाहुणा

हो, मिन्यूमध्ये, म्हणजे तुमच्या ब्रागा-गिमाराईंशच्या प्रांतात, सर्रास होतं. मी इतिहासाचा विद्यार्थी म्हणून दोन वर्षं तिथे होतो. वायव्य पोर्तुगालमध्ये अविवाहित आयांचं प्रमाण दक्षिणेपेक्षा स्पष्टपणे जास्त होतं. गिमाराईंशच्या वह्यांवरून कुटुंबंच्या कुटुंबं पुन्हा जुळवण्याचं मोठं काम मिन्यू विद्यापीठाच्या नॉर्बेर्ता आमोरिं यांनी केलं, त्यातूनही हे दिसतं.

कारण जमिनीत आहे. मिन्यूत वावरं लहान, माणसं फार. सतराव्या शतकाच्या अखेरीस ब्राझीलमध्ये सोनं सापडल्यावर तरुण मुलगे बोटींवर चढले आणि तो ओघ एकोणिसाव्या शतकातही थांबला नाही. मागे राहिल्या बायका. लग्नं उशिरा व्हायची, कित्येकींची झालीच नाहीत. शेत मात्र त्याच कसायच्या, सूत कातायच्या, घर चालवायच्या. ज्या मुलीच्या नावाने घर आणि वावर राहायचं, ती अविवाहित असली तरी गावात उभी राहू शकत होती. पतीच्या नावापुढे ‘औझेंत नु ब्राझील’, म्हणजे ब्राझीलला गेलेला, असंही कधी कधी लिहिलेलं दिसतं. अशा बाईला नवरा गेल्यावर चार वर्षांनी मूल झालं तर पाद्रीसमोर मोठा पेच. इश्पुरियुचा एक रस्ता तिथूनही येतो, मंजिरीताई.

आपल्याकडे कोकणातून मुंबईला चाकरमानी गेले आणि मागे बायकांनी शेती सांभाळली, तेव्हाच्या घरांची आठवण मला तिथे वारंवार यायची. परिणाम वेगळे झाले, कारण विवाहाची रीत वेगळी होती, पण उंबऱ्यात उभी असलेली ती बाई तीच.

पोथीवाला

भाषेचा मुद्दा मांडतो. ‘अनौरस’ या एका शब्दाने तिन्ही शब्दांचं भाषांतर केलं तर हा सगळा फरक बुडतो. आपल्या धर्मशास्त्राकडे यापेक्षा बारीक शब्द आहेत. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. त्यातला ‘कानीन’ म्हणजे अविवाहित मुलीला माहेरी झालेला. कर्ण कानीन, व्यासही कानीन. ‘अपविद्ध’ म्हणजे आईबापांनी टाकलेला आणि दुसऱ्याने उचलून वाढवलेला.

नातुराल आणि कानीन पुरते जुळत नाहीत. मनूचा कानीन त्याच्या आईशी पुढे जो लग्न करील त्याचा होतो, नातुराल तसा होत नाही. पण ‘इश्पोश्ता’ला ‘अपविद्धा’ चपखल बसतं. पेशवाईच्या कागदांतला ‘लेकावळा’ मात्र इथे वापरू नये. तो कुणबिणीच्या, म्हणजे दासीच्या, आणि रखेलीच्या संततीसाठी होता आणि त्यात गुलामगिरी आहे.

कुळागर

गुलामगिरीचा विषय निघाला म्हणून सांगतो. ब्राझीलच्या वह्यांत, आणि गोव्याच्याही, ‘फिल्यु नातुराल’ आणि पुढे आईचं नाव, मग ‘इश्क्राव्हा द’ अमका, असं दिसतं. ‘अमक्याची गुलाम’. तिथे मूल आईच्या मागे गुलामच होई, बाप कुणी का असेना. मालकाचं नाव आहे, बापाचं नाही. बऱ्याचदा ती दोन नावं एकच असावीत असं वाटत राहतं, पण वही ते सांगत नाही आणि आपणही छातीठोक सांगू नये. अशी नोंद वाचताना माझा हात आजही थांबतो.

आणि गोव्याच्या वह्या वाचणाऱ्यांनी ‘फिल्यु द पायश जेंतियुश’ला घाबरू नये. ‘जेंतियु’ म्हणजे हिंदू. आईबाप हिंदू होते आणि मूल किंवा मोठा माणूस बाटला, एवढाच त्याचा अर्थ. अनौरसपणाशी त्याचा संबंध नाही.

वसईचा_किनारा

मी वसईचा. आमच्या धर्मग्रामाच्या, म्हणजे फिरगजीच्या, कार्यालयात जुन्या नोंदी उतरवायला मदत करतो, म्हणून इश्पोश्तावर लिहितो.

ताई, तुमच्या १८२१च्या नोंदीत लॅटिनमध्ये ‘सुब कोंदिसियोने’ असं काही आहे का पाहा. सापडलेल्या मुलाचा बाप्तिस्मा आधी झालाय की नाही ते कळत नसे आणि हा संस्कार दोनदा करता येत नाही. म्हणून पाद्री सशर्त बाप्तिस्मा देई: ‘तुझा बाप्तिस्मा झालेला नसेल तर मी तुला बाप्तिस्मा देतो.’ पण हा शेरा केवळ टाकलेल्या मुलांचा नाही. बाळंतपणात जीव धोक्यात होता म्हणून सुईणीने घरीच पाणी घातलं आणि तिने शब्द नीट उच्चारले की नाही अशी शंका राहिली, तरी तोच शेरा. त्यामुळे फक्त त्यावरून निष्कर्ष काढू नका.

मंजिरी_ब्रागा

आहे! ‘सुब कोंदि’ एवढंच, पुढे वेलांटीसारखी रेघ. मला तो कुणाचा तरी हुद्दा वाटला होता.

पण ‘इश्पोश्ता’चं काय? तिला आईनेच टाकलं ना? सासूबाई तिथेच अडतात. त्यांच्या घराण्यातली ती थेट पूर्वज आहे.

लिस्बनचा_पाहुणा

‘टाकलं’ या शब्दाआधी ‘रोदा’ समजून घ्या. भिंतीत बसवलेलं लाकडी फिरतं पिंप, एका बाजूने उघडं. बाहेरून मूल ठेवायचं, फिरवायचं, घंटा वाजवायची आणि निघून जायचं. आतली बाई, ‘रोदैरा’, मूल उचलून घ्यायची. बाहेर कोण होतं ते तिने पाहायचं नाही, विचारायचंही नाही. १७८३ मध्ये पिना मानिक या पोलीस प्रमुखाने प्रत्येक मोठ्या गावात रोदा असावी असा हुकूम काढला. नाल्यात, रानात मुलं मरू नयेत हा हेतू. १८६७ मध्ये त्या बंद करण्याचा सरकारी निर्णय झाला.

रोदात येणारी सगळी मुलं लग्नाबाहेरची नव्हती, हे कृपया सासूबाईंना सांगा. दुष्काळात, आजारपणात, आईचं दूध आटलं म्हणून लग्नाच्या जोडप्यांचीही यायची. म्हणून ‘इश्पोश्ता’चा अर्थ ‘अनौरस’ असा लावणं चूक. वहीला ते माहीत नाही. पाद्रीने तो शब्द लिहिला नाही, आपण का लिहावा?

शिवाय ‘इश्पोश्ता एं काझा द’ अमका, म्हणजे ‘अमक्याच्या दारात ठेवलेली’, अशी नोंद असेल तर त्या घराकडे नीट लक्ष द्या. दार सहसा ओळखून निवडलेलं असे. कधी बापाचं, कधी आजोळचं.

अनुराधा_नाशिक

आडनावावरून कळतं का? कुठेतरी वाचलं होतं की ‘दा क्रूझ’, ‘द जेझुश’ म्हणजे टाकलेली मुलं.

वसईचा_किनारा

अजिबात नाही. अशा मुलांना देवाधर्माची नावं देत हे खरं, पण त्याच नावांची हजारो औरस घराणी पोर्तुगालमध्ये, गोव्यात आणि आमच्याकडेही आहेत. बायकांना तर दुसरं नाव म्हणून ‘द जेझुश’ सर्रास लावत. आडनावावरून कुणाच्या जन्माबद्दल बोलू नये. माझ्या एका मावशीला या एका गैरसमजापायी लग्नाच्या बैठकीत ऐकून घ्यावं लागलं होतं.

दस्तऐवज

मंजिरीताई, १७९४च्या मुलासाठी आता पुढे काय शोधायचं ते सांगतो. बाप्तिस्म्याच्या नोंदीवर थांबू नका. त्याच्या लग्नाची नोंद पाहा. मधल्या वीस-पंचवीस वर्षांत आईबापांचं लग्न झालं असेल किंवा बापाने कबूल केलं असेल, तर तिथे बापाचं नाव येतं. कबुलीला ‘पेर्फिल्यासांव’ म्हणतात, ती कधी नोटरीच्या दस्तात असते, कधी मृत्युपत्रात. मूळ नोंदीच्या समासात बारीक शेरा असेल तर तोही वाचा. कुळात कुणी पाद्री झाला असेल तर ब्रागाच्या जिल्हा दप्तरात ‘द जेनेरे’ची प्रकरणं आहेत. दीक्षेआधी कुळाची चौकशी व्हायची, साक्षीदार आजीआजोबांपर्यंत बोलायचे, आणि अनौरस असेल तर खास सूट घ्यावी लागे. बाप्तिस्म्याच्या वहीने झाकलेलं त्या चौकशीत उघडं पडतं.

१८६७च्या नागरी संहितेने पेर्फिल्यासांवचे नियम बांधून दिले, पण व्यभिचारातून आणि निषिद्ध नात्यातून झालेल्यांना ते दार बंदच ठेवलं. ती संहिता गोव्यातही आली, आम्ही अजून तिच्या सावलीत काम करतो. डिसेंबर १९१०च्या प्रजासत्ताकी कायद्यांनी थोडं सैल केलं. १९७६च्या पोर्तुगीज राज्यघटनेच्या ३६व्या कलमाने मात्र स्पष्टच सांगितलं की लग्नाबाहेर जन्मलेल्यांशी भेदभाव करता येणार नाही आणि जन्मावरून हिणवणारे शब्द सरकारी कचेऱ्यांनी वापरायचे नाहीत. सासूबाईंनी त्याआधीचे दाखले पाहिले असणार. ‘इलेजीतिमु’ असा शेरा असलेला दाखला हातात घेऊन शाळेत जाणाऱ्या मुलांच्या पिढीतल्या त्या आहेत. त्या वही मिटव म्हणाल्या ते मला समजतं.

कुळागर

‘रोल दुश कोंफेसादुश’ पण मागा. ईस्टरच्या आधी कोणी कोणी पापनिवेदन केलं त्याची घरनिहाय यादी. त्यात त्या आईच्या घरात कोण कोण राहत होतं ते वर्षावर्षाला दिसेल.

मंजिरी_ब्रागा

तीन आठवड्यांनी लिहितेय. सगळ्यांचे मनापासून आभार, आधी १७९४चं सांगते. त्याच्या लग्नाच्या नोंदीतही ‘फिल्यु नातुराल’च आहे आणि बापाचं नाव नाही. पण रोलमध्ये ती आई बावीस वर्षं एकाच घरात दिसते. आधी आईवडिलांबरोबर, मग मुलाबरोबर, आणि वडील गेल्यावर यादीत कुटुंबप्रमुख म्हणून तिचंच नाव पहिलं. लेकीने वृक्षात तिचा चौकोन मधोमध काढलाय. बापाचा चौकोन काढून रिकामा ठेवू का, असं तिने विचारलं. मी म्हटलं, काढ.

१७६३चा इश्पुरियु तसाच ठेवला आहे. शब्द जसा आहे तसा, शेजारी अर्थ.

आणि इश्पोश्ता. गिमाराईंशच्या नगर दप्तरात रोदाच्या वह्या आहेत. बाप्तिस्म्याची तारीख धरून मागे गेले तर दोन दिवस आधी नोंद मिळाली. रात्री आलेली. अंगावर काय होतं त्याची यादी: जुन्या तागाची दोन लंगोटं, पिवळ्या कापडाचा तुकडा, डोक्याला टोपडं, हाताला निळी फीत. आणि एक चिठ्ठी, तीत मुलीचं नाव काय ठेवावं ते लिहिलेलं. पाद्रीने तेच नाव ठेवलंय.

सासूबाईंना मी काहीच सांगितलं नाही, फक्त छापील प्रत पुढे ठेवली. त्यांनी चष्मा लावून यादी मोठ्याने वाचली. फितीपाशी थांबल्या. मग म्हणाल्या, ‘फीत निळी होती हे मला मोठ्या अक्षरात लिहून दे.’

लिस्बनचा_पाहुणा

ताई, त्याच दप्तरात दायांच्या पगाराच्या वह्या बघा. रोदातली मुलं खेड्यातल्या ‘आमा’कडे, दूध पाजणाऱ्या बाईकडे देत आणि मूल सात वर्षांचं होईपर्यंत नगरपालिका तिला पैसे देई. आमाचं नाव आणि गाव तिथे मिळेल. सात वर्षांनंतर पैसे बंद झाल्यावरही मुलगी त्याच गावात दिसली, तर आमाने तिला ठेवून घेतलं असं समजा.

मंजिरी_ब्रागा

तिचं लग्न ज्या गावात झालं ते गिमाराईंशपासून तीन तासांच्या चालीवर आहे. ती तिथे कशी पोचली हेच मला कळत नव्हतं. मंगळवारी दप्तर उघडतं. सासूबाई बरोबर येणार आहेत.